नाशिकहून परदेशी क्लबकडे: फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी सुरुवात कुठून करायची

गेल्या जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, सातपूरच्या एका घरात आम्ही चौघं एका करारपत्राभोवती बसलो होतो. मुलगी माझ्याकडे नऊ वर्षं फुटबॉल शिकलेली. वडील कंपनीतली दुसरी पाळी संपवून नुकतेच आले होते, आईंनी चहा ठेवला होता. नऊ पानं, सगळी इंग्रजीत. मी वाचत होते, मुलगी मराठीत सांगत होती. सहाव्या पानावर एक वाक्य आलं: वैद्यकीय तपासणी पार पडली आणि वर्क परमिट मिळालं, तरच हा करार लागू होईल. आई थांबवत म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, ही तिकडे जाणार, ते हिचा गुडघा बघणार, आणि नको म्हणाले तर ही परत येणार? मग तिकिटाचे पैसे कुणाचे?"

फुटबॉलचा एकही नियम न वाचलेल्या त्या बाईंनी नेमकं दुखणं पकडलं होतं. फिफाचा नियम अगदी हेच सांगतो. कराराची वैधता मेडिकलवर किंवा वर्क परमिटवर टांगून ठेवता येत नाही. तपासणी करायची असेल तर क्लबने ती सही होण्याआधी करून घ्यावी. आम्ही तसं ईमेलने कळवलं. चार दिवसांनी ते वाक्य काढलेला मसुदा आला, आणि मेडिकल मुंबईतच करून रिपोर्ट पाठवायचं ठरलं.

त्या रात्री घरी जाताना ठरवलं की हे सगळं एकदा लिहून ठेवायचं. परदेशात खेळायला उत्तम खेळ लागतो, हे प्रत्येक मुलीला ठाऊक असतं. पण तिथे पोचण्याची आणि टिकण्याची निम्मी तयारी नाशिकमध्येच होते. ती गुडघ्यावर, अभ्यासावर आणि कागदांवर करावी लागते, आणि ती शिकवणारं फारसं कुणी भेटत नाही.

आधी हे करिअर कसं असतं ते बघ

मुलींच्या डोळ्यांसमोर एक मोठा क्लब असतो, दहा वर्षं तीच जर्सी. प्रत्यक्षात बहुतेक जणींचं करिअर म्हणजे एक-दोन वर्षांचे करार, एकापुढे एक, वेगवेगळ्या देशांत. नादिया नदीमचं उदाहरण घे. जन्म अफगाणिस्तानातल्या हेरातचा. वडिलांना तालिबानने मारलं, आई मुलींना घेऊन डेन्मार्कला गेली, आणि निर्वासितांच्या छावणीजवळच्या मैदानावर तिने फुटबॉल पहिल्यांदा जवळून पाहिला. पुढे डेन्मार्क, अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, पुन्हा अमेरिका, मग इटली. पोर्टलँडबरोबर २०१७ मध्ये अमेरिकेतलं विजेतेपद, पॅरिसबरोबर २०२१ मध्ये फ्रेंच लीग. हे सगळं चालू असताना वैद्यकीय शिक्षणही सुरू होतं, आणि २०२२ मध्ये ती डॉक्टर झाली. ज्या पालकांना वाटतं की खेळ आणि अभ्यास एकत्र होत नाही, त्यांना मी हीच गोष्ट सांगते.

आपल्याकडच्या मुलींचंही तसंच. मणिपूरची बाला देवी जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, तेव्हा ती २९ वर्षांची होती आणि करार होता १८ महिन्यांचा. पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातली मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडे गेली आणि युरोपातल्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय ठरली. तिथून ती ग्रीसच्या पीएओके क्लबकडे गेली. नेपाळची सबित्रा भंडारी आधी आपल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये गोल करत होती, मग इस्राएल, मग फ्रान्स. या तिघींनी आधी आपापल्या भागात स्वतःला सिद्ध केलं. घरातून उठून थेट युरोपात कुणीच गेलं नाही.

पैशाचंही खरं सांगते. फिफाच्या एका जागतिक पाहणीत महिला खेळाडूंचा सरासरी पगार वर्षाला सुमारे १०,९०० डॉलर निघाला, म्हणजे ढोबळमानाने नऊ लाख रुपये. मोठ्या लीगमधल्या थोड्या जणींचे पगार धरून ही सरासरी आहे, त्यामुळे कितीतरी जणींच्या हातात याहून कमी पडतं. घरी पैसे पाठवण्यासाठी म्हणून निघणार असशील, तर आधी हा आकडा आई-पप्पांसमोर ठेव.

पायरी १: मैदान, नोंदणी आणि जन्मदाखला

पंचवटीतलं हिरावाडीचं विभागीय क्रीडा संकुल असो, शाळेचं मैदान असो, की देवळालीकडचं एखादं रिकामं ग्राउंड, सुरुवात जिथे रोज जाता येईल तिथे कर. आठवड्यातून दोनदा मिळणाऱ्या भारी कोचपेक्षा रोजचं साधं मैदान बरं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातून येणाऱ्या मुलींच्या पायात जन्मजात दम असतो. कविता राऊतने सावरपाड्याच्या त्याच वाटांवर धावून २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक आणलं. या मुलींना कमी पडतो तो चेंडूवरचा पहिला स्पर्श, आणि तो भिंतीवर रोज दोनशे वेळा चेंडू मारून, दोन्ही पायांनी, एकटीलाही घोटता येतो.

खेळाबरोबर कागदांची सुरुवात याच वयात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टीम आहे, सगळे तिला सीआरएस म्हणतात. क्लब किंवा अकादमी तुझी त्यात नोंदणी करते आणि तुला कायमचा आयडी मिळतो. पुढे परदेशी क्लब तुझी फाइल मागेल तेव्हा तुझा खेळाचा इतिहास इथूनच निघतो. दोन ठिकाणी दोन आयडी अजिबात नकोत.

आता नावाचा घोळ. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर वेगळा क्रम. जन्मदाखल्यावर कधी नुसतं "मुलगी", कधी पाळण्यातलं नाव. इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे तीन. माझ्याकडच्या एका मुलीच्या आडनावात एका कागदावर एक 'ए' होता, दुसऱ्यावर दोन. एवढ्यासाठी तिचे सात आठवडे गेले आणि ट्रान्सफरची मुदत टळली. तेव्हा सहावी-सातवीतच जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद एकसारखी करून घ्या. आणि वय कमी दाखवण्याच्या मोहात कुणी पडू नका. वयोगटाच्या स्पर्धांत हाडांवरून वय तपासतात. एकदा खोटं पकडलं गेलं की ती मुलगी निर्दोष असली तरी डाग तिलाच लागतो.

पायरी २: गुडघा

मुलींच्या फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त करिअर कशाने संपत असेल तर गुडघ्याच्या एसीएल या स्नायुबंधाने. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये तो तुटण्याचं प्रमाण कितीतरी पट जास्त आहे. बहुतेक वेळा समोरच्या खेळाडूचा धक्काही नसतो. उडी मारून खाली येताना किंवा पळता पळता एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि आतून "कट" असा आवाज येतो. शस्त्रक्रिया, मग नऊ महिने ते वर्षभर बाहेर.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. 'फिफा ११ प्लस' नावाचा वॉर्मअप: १५ व्यायाम, तीन भाग, साधारण २० मिनिटं. आधी हळू धावणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी वेगाने धावणं. आठवड्यातून किमान दोनदा नीट केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. पण "नीट" या शब्दावर सगळं आहे. मी मुलींना जोडीने उभं करते. एकीने एका पायावर उडी मारून उतरायचं, दुसरीने समोरून फक्त तिचा गुडघा बघायचा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला की "बरोबर", आत गेला की "आत". पहिल्या महिन्यात नुसतं "आत, आत, आत" ऐकू येतं. तिसऱ्या महिन्यात आवाज बदलतो. घाईत असलेले कोच हाच भाग गाळतात, तेव्हा कोच सांगो न सांगो, तू लवकर येऊन कर.

दुसरी गोष्ट रक्ताची. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. सत्तराव्या मिनिटाला पाय जड होतात म्हणून आळशी ठरवलेल्या किती मुली प्रत्यक्षात अशक्त असतात! नागलीची भाकरी, पालेभाजी, डाळ, जमत असेल तर अंडी, मासे, मटण. पाळी दोन-तीन महिने चुकली तर "खेळामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नकोस. बहुतेकदा ती कमी खाण्याची खूण असते, आणि हाडं त्याची किंमत मोजतात. डॉक्टरांकडे जा.

पायरी ३: शाळा, राज्य, मग लीग

शालेय क्रीडा स्पर्धा आणि सुब्रतो कपच्या १७ वर्षांखालील मुलींच्या गटातून सुरुवात होते. पुढे जिल्हा संघटनेमार्फत राज्याच्या निवड चाचण्या. महाराष्ट्रातला फुटबॉल वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा चालवते, तिचं कार्यालय मुंबईत कूपरेजला. वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाई करंडकासाठी होते. तिथे महाराष्ट्राची जर्सी मिळणं हे पहिलं मोठं दार. राज्यपातळीवर खेळलीस तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण, हेही विसरू नकोस. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेव.

मग इंडियन विमेन्स लीग. ती २०१६-१७ मध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनचं, नंतर गोकुलम केरळाने सलग तीनदा जिंकली. मनीषा गोकुलममधूनच सायप्रसला गेली. आता लीगची दुसरी श्रेणीही आहे, आणि नाशिकच्या मुलीने मोठ्या संघात बाकावर बसण्यापेक्षा दुसऱ्या श्रेणीत ९० मिनिटं खेळावं असं माझं ठाम मत आहे. परदेशी क्लब पहिला प्रश्न मिनिटांचाच विचारतात.

भारतासाठी खेळलेले सामनेही कागदावर मोजले जातात. इंग्लंडमध्ये वर्क व्हिसाआधी तिथल्या फुटबॉल असोसिएशनचं मान्यतापत्र लागतं, आणि त्यात राष्ट्रीय संघाकडून किती खेळलीस याला वजन आहे. सगळे देश एवढे कडक नाहीत, म्हणून तर पहिली पायरी सायप्रस, क्रोएशिया, आइसलँड, उझबेकिस्तान अशा ठिकाणी पडते.

पायरी ४: व्हिडिओ

चार-पाच मिनिटांची क्लिप. गाणं नको, स्लो मोशन नको. प्रत्येक प्रसंगाआधी तुझ्यावर छोटा बाण. पहिल्या अर्ध्या मिनिटात तुझं सगळ्यात चांगलं काम. बचावफळीत खेळत असशील तर गोल दाखवून उपयोग नाही, जागा कशी धरतेस आणि दबावाखाली पास कसा देतेस ते दाखव. त्याबरोबर अलीकडच्या दोन सामन्यांचं पूर्ण चित्रण, त्यातला एक हरलेला असला तरी चालेल. जाणता कोच पूर्ण सामनाच बघतो. चेंडू हरवल्यावर पहिल्या तीन सेकंदांत तू काय करतेस, ते त्याला पाहायचं असतं. शूटिंगला मोबाइल पुरतो, पण उंचावरून, मैदानाच्या मध्यरेषेवरून, आणि ट्रायपॉडवर.

पायरी ५: एजंट

इथे सावध. काही वर्षांपूर्वी एका माणसाने "युरोपात ट्रायल" म्हणून आमच्या एका मुलीच्या घरच्यांकडून ८० हजार रुपये घेतले. ती पोचली तेव्हा ट्रायल नव्हतीच. सुट्टीत कुणालाही पैसे भरून येता येईल असं ते शिबिर होतं. वडिलांनी द्राक्षबागेच्या पैशातून ती रक्कम काढली होती. ते कुणाला काही बोलले नाहीत, पण धाकटीला मैदानावर पाठवणं त्यांनी बंद केलं. मला आजही याची चुटपुट आहे, कारण मला आधी विचारलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

कसं कळलं असतं? एजंटला फिफाचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा असते, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नाव तिथे नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. एजंटशी करार दोन वर्षांहून जास्त काळाचा करता येत नाही. त्याची कमाई करार झाल्यावरची असते, म्हणून आगाऊ "नोंदणी फी" मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि क्लबला स्वतः, क्लबच्याच अधिकृत ईमेलवर लिहा: तुम्ही या मुलीला बोलावलं आहे का?

वय १८ च्या आत असेल तर परदेशी क्लबमध्ये नोंदणीच होत नाही. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे स्थायिक झाले असतील, असे मोजकेच अपवाद आहेत. "सोळाव्या वर्षी करार करून देतो" म्हणणारा खोटं बोलतो आहे असं समजा.

पायरी ६: करार

हा वाचताना घाई नको. पुन्हा त्या सातपूरच्या घरातल्यासारखं बसा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने मराठीत सांगायचं. ज्याचा अर्थ मराठीत सांगता येत नाही त्या वाक्यापुढे पेन्सिलने खूण करायची. आमच्याकडे त्या रात्री अकरा खुणा झाल्या.

पगार महिन्याचा की वर्षाचा, बारा महिने की दहा, कर कापून की कापायच्या आधी? राहणं क्लबचं असेल तर एका खोलीत किती जणी? दुखापत झाली तर उपचार कोणाच्या खर्चाने, आणि नाशिकला परत आल्यावरही फिजिओचा खर्च चालू राहील का? जाण्या-येण्याची तिकिटं किती? करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर कोणती भाषा ग्राह्य? मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं असू शकते, पण पहिल्यांदा जाताना एक हंगाम आणि पुढच्या हंगामाचा पर्याय दोघांच्या संमतीने, हे मला योग्य वाटतं. पर्याय फक्त क्लबच्या हातात असेल तर तू अडकतेस.

तुझे काही हक्क आधीच लिहिलेले आहेत. दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी दिले नाहीत तर करार मोडण्याचं न्याय्य कारण तुझ्याकडे आहे. फिफाच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण दोन वर्षांच्या आत. २०२१ पासून बाळंतपणाची किमान १४ आठवड्यांची रजा, दोन तृतीयांश पगारासह, व्यावसायिक खेळाडूला मिळते, आणि गरोदर राहिली म्हणून करार तोडता येत नाही.

इकडचा क्लब सोडताना एक गोष्ट लक्षात असू दे. करार संपत आला असेल तर शेवटच्या सहा महिन्यांत नव्या क्लबशी बोलून सही करता येते. आणि मुलींच्या फुटबॉलला फिफाचा ट्रेनिंग कॉम्पेन्सेशनचा नियम लागू नाही. "आम्ही घडवलं, त्याचे पैसे भरा, मगच सोडतो" असं कुणी अडवून म्हणालं, तर त्यांना तो नियम शांतपणे दाखवा.

पायरी ७: पासपोर्ट, व्हिसा, सर्टिफिकेट

पासपोर्ट सोळाव्या वर्षीच काढून ठेव. दहावी पास असशील तर एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे नोकरीसाठी देश सोडण्याच्या सरकारी परवानगीची, कटकट नाही. नापास असताना सौदी किंवा आखातातल्या देशांत नोकरीसाठी जायचं तर ती परवानगी वेगळी काढावी लागते, आणि सौदीत २०२२ पासून महिलांची प्रीमियर लीग आहे, तेव्हा दहावी सोडू नकोस. जन्मदाखला आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र यांवर बरेच देश अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, मागतात. ते परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं, राज्याने दिलेल्या कागदावर आधी राज्याचा शिक्का लागतो, आणि पावसाळ्याच्या दिवसांत या फेऱ्यांना लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट वेळ धरा. व्हिसासाठी मुंबईला जाताना पहाटेची गाडी पकडा आणि मूळ कागद दोघांच्या दोन पिशव्यांत वाटून ठेवा.

टूरिस्ट व्हिसावर जाऊन खेळायचं नाही. ट्रायललाही व्हिसा कोणता लागतो ते क्लबकडून लेखी घे. शिक्षणाच्या वाटेने जाणाऱ्या मुलींनीही नीट बघावं. गोलकीपर अदिती चौहान इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात शिकत असताना २०१५ मध्ये लंडनच्या वेस्ट हॅम क्लबकडून खेळली, पण ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती मिळते. मात्र त्याआधी व्यावसायिक करार केला असेल तर पात्रतेचा प्रश्न उभा राहतो, म्हणून कोणती वाट धरायची ते बारावीच्या आधी ठरव.

शेवटचा कागद इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट. तो तुझ्या हातात येत नाही, दोन देशांचे महासंघ तो ऑनलाइन पाठवतात. ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे क्लब बदलण्याचा ठरलेला काळ, उघडी असतानाच हे व्हावं लागतं. वरच्या पातळीवर काही बिनसलं तर तुझ्या हातात काहीच उरत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केलं, तेव्हा गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या आणि न खेळता परत आल्या.

तिकडे गेल्यावर

पहिल्या आठवड्यात तिथल्या भाषेतले मैदानावरचे वीस शब्द पाठ कर: मागे, डावीकडे, एकटी आहेस, वळ, माझा. इंग्रजीवर सगळीकडे भागत नाही. सर्दी-खोकल्याचं औषध इकडून नेलेलं मनाने घेऊ नकोस, त्यातले काही घटक उत्तेजक चाचणीत अडकवतात. आधी संघाच्या डॉक्टरांना डबी दाखव, आयुर्वेदिक असलं तरी. खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी क्लबमध्ये कोण जबाबदार आहे ते पहिल्याच दिवशी विचार, आणि तो नंबर घरी आईकडेही असू दे. कुणाचं वागणं खटकलं तर "आपल्याला वाटलं असेल" म्हणून गप्प बसू नकोस. लगेच फोन कर.

हंगामाचं गणित समजून घे. युरोपात बहुतेक ठिकाणी ऑगस्ट ते मे, पण आइसलँड, स्वीडन, नॉर्वेत वसंतापासून शरदापर्यंत. उन्हाळा तिकडे आणि हिवाळा आपल्या लीगमध्ये, असं वर्ष काही जणी जोडतात. एका हंगामात सहसा दोनच क्लबकडून अधिकृत सामने खेळता येतात, तेव्हा तारखा आधी तपासून घे. परदेशी नोकरीला गेल्यावर आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलीस तर आयकराच्या हिशेबाने अनिवासी ठरतेस. बँकेचं खातंही बदलावं लागतं, म्हणून जाण्याआधी एका सीएला दोन तास बसवून हे समजून घ्या.

सातपूरची ती मुलगी आता तिकडे आहे. करारपत्रावरच्या अकरा पेन्सिलखुणांपैकी नऊ मिटल्या, दोन अजून तशाच आहेत: पर्यायी वर्षाची आणि फिजिओच्या खर्चाची. पुढच्या करारात त्या आधी मांडायच्या, असं तिच्या आईंनी पाकिटावर लिहून ठेवलं आहे.